चुन्याची निवळी आणि हळदीचा कागद: आम्ल-आम्लारी घरच्या घरी

जून महिन्यात इथं बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सची मुलं माझ्याकडे शिकवणीला यायला लागली की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ठरलेला. "टीचर, क्षार म्हणजे सॉल्ट का अल्कली?" मी उलट विचारते, "कुठल्या पुस्तकातला?" मुलांना वाटतं टीचर टाळायलाल्यात. पण उत्तर खरंच पुस्तकावर अवलंबून आहे. महाराष्ट्रातल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. आपल्याकडच्या कन्नड पुस्तकात क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा बेस, म्हणजे अल्कली. सॉल्टला तिथं लवण म्हणतात. घरात आज्जी पापडात घालते तो 'खार' कन्नड पुस्तकाच्या बाजूचा. आणि आमचं पोर कोल्हापूरच्या मामेभावाचं जुनं गाईड वाचतं, शेजारच्या कन्नड मित्राच्या नोट्स झेरॉक्स करून आणतं आणि पीयूसीला इंग्रजीतून पेपर लिहितं. गोंधळ होणार नाही तर काय!

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून टाका. ॲसिड म्हणजे मराठीत आम्ल आणि कन्नडमध्येही आम्ल, इथं भांडण नाही. बेस म्हणजे मराठीत आम्लारी, कन्नडमध्ये प्रत्याम्ल. सॉल्ट म्हणजे मराठीत क्षार, कन्नडमध्ये लवण. अल्कली म्हणजे मराठीत अल्क, कन्नडमध्ये क्षार. या लेखात मी आम्ल आणि आम्लारी हेच शब्द वापरेन आणि क्षार हा शब्द शक्यतो टाळेन. सॉल्टला सॉल्टच म्हणेन, मराठीच्या पंडितांनी माफ करावं.

आता बाकीचं हाताने करू. आधी रंग, मग आकडा, मग समीकरण. कॉलेजात हा क्रम उलटा असतो, आणि मुलं पहिल्याच चाचणीत अडखळतात त्यामागे मला तरी हेच कारण दिसतं.

सामान आणि दोन-चार सक्त गोष्टी

किराणा दुकानातून खाण्याचा सोडा, पापडखार, व्हिनेगर आणि हळद. पानपट्टीवरून साधा पांढरा ओला चुना. वासाचा किंवा रंगाचा नको. मेडिकलमधून सुई नसलेल्या 5 मिलिच्या दोन सिरिंजा आणि सर्जिकल स्पिरिटची छोटी बाटली. परसातली लाल जास्वंद. लिंबू, चिंच, ताक घरात असतंच. डिस्टिल्ड वॉटर मात्र विकत घ्या. गाड्यांच्या बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. नळाचं पाणी चालत नाही का? चालतं, पण मग निकाल पाण्याचा की वस्तूचा, ते कळत नाही. राकसकोप धरणाचं पाणी वेगळं, हिडकल धरणाचं वेगळं, आणि बोअरचं तर प्रत्येक गल्लीत वेगळं.

संडास धुण्याचं ॲसिड आणि बॅटरीतलं ॲसिड या प्रयोगांत अजिबात आणू नका. पहिल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, दुसऱ्यात सल्फ्युरिक. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. चुना पानातला म्हणून निरुपद्रवी समजू नका. डोळ्यात गेला तर लिंबू पिळून 'उतारा' करायचा नाही. वाहत्या पाण्याखाली निदान 15-20 मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. पुढे लॅबमध्ये तीव्र आम्ल विरळ करायची वेळ येईल तेव्हा पाण्यात आम्ल सोडायचं, आम्लात पाणी ओतायचं नाही. पाणी वरून पडलं तर तिथल्या तिथे उकळून अंगावर उडतं.

आणि चाखून बघायचं नाही. आंबट ते आम्ल हे खरं असलं तरी.

हळदीचा कागद

अर्धी वाटी स्पिरिटमध्ये एक चमचा हळद घाला, ढवळून दहा मिनिटं ठेवा. चूल, उदबत्ती, देवाचा दिवा सगळं लांब; स्पिरिट पेट घेतं. हळदीचं रंगद्रव्य करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून हा खटाटोप. वरचं पिवळंजर्द पाणी बशीत काढा, त्यात टिपकागद किंवा गाळणकागद बुडवा, सावलीत वाळवा आणि बोटभर पट्ट्या कापा. चकचकीत कागद घेऊ नका, त्यावर बहुतेक वेळा चुनखडीचाच थर असतो आणि तो आपला निकाल बिघडवतो. सावलीत का, तर करक्युमिन उन्हात विटतं. हळदीचा डाग धुतल्यावर कपडा उन्हात टाका म्हणतात ते याचसाठी.

आता एका पट्टीवर लिंबू, एकीवर डिस्टिल्ड वॉटर, एकीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि एकीवर चुन्याचं पाणी, प्रत्येकी एक थेंब टाका. लिंबू आणि पाण्याने काहीच होणार नाही, पट्टी पिवळीच राहील. सोड्याने नारिंगी-तपकिरी छटा येईल. चुन्याने पट्टी लालभडक होईल. त्या लाल ठिपक्यावर लिंबाचा थेंब टाका, रंग पुन्हा पिवळा.

हे तुम्ही आधी पाहिलेलं आहे. लग्नात हळदीच्या कपड्याला साबण लावला की लाल डाग उठतो आणि नवी नवरी घाबरते, तो हाच. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर उधळलेला भंडारा पिवळा आणि कपाळावरचं कुंकू तांबडं, पण पूर्वी दोन्हींची मूळ वस्तू एकच, हळद. तिच्यात चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो. ज्या वस्तूचा रंग आम्ल-आम्लारीप्रमाणे बदलतो तिला दर्शक म्हणतात. म्हणजे दर्शकाची बशी देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या होतीच, फक्त तिला कुणी केमिस्ट्री म्हटलं नाही.

पण हळदीची एक खोट आहे. ती फक्त आम्लारीची चहाडी करते. पाणी आणि लिंबू तिला सारखेच. कारण तिचा रंग बदलतो तोच मुळी पाण्याच्या पुढे, आम्लारीच्या बाजूला गेल्यावर. प्रत्येक दर्शकाचं असं ठरलेलं एक नाकं असतं, तिथून गाडी गेली तरच त्याला कळतं. ही गोष्ट डोक्यात ठेवा, लेखाच्या शेवटी लॅबमध्ये ती लागणार आहे.

जास्वंद, जिला दोन्हीकडचं कळतं

आठ-दहा लाल पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात टाकून पंधरा मिनिटं झाका. पाकळ्या फिक्या पडतील, पाणी जांभळट होईल. गाळून घ्या आणि त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ते मळकं होतं.

सहा-सात काचेचे ग्लास ओळीने मांडा. लिंबूपाणी, व्हिनेगर, ताकाची निवळ, डिस्टिल्ड वॉटर, खाण्याच्या सोड्याचं पाणी, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी. प्रत्येकात जास्वंदीचं पाणी एकेक चमचा. डावीकडून गडद गुलाबी, गुलाबी, फिकट जांभळट, मग निळसर-हिरवट, हिरवं, आणि शेवटी पिवळसर हिरवं, असा पट्टा उभा राहतो. पाकळ्यांतल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची ही करामत. जांभळातही तेच असतं. खानापूरच्या जंगलाकडची जांभळं मे-जूनमध्ये बाजारात आली की तीही वापरून बघा, जीभ जांभळी झाल्यावर उरलेली.

आता घरचं नळाचं किंवा बोअरचं पाणी याच ओळीत ठेवा. बोअरचं असेल तर बहुतेक ते डिस्टिल्डपेक्षा हिरव्याकडे झुकेल, कारण त्यात चुनखडीतून आलेली बायकार्बोनेटं असतात. किटलीत पांढरा थर बसतो तो त्यांचाच.

हे ग्लास आता ओतून देऊ नका. मोबाईलवर फोटो काढा. हा तुमचा स्वतःचा रंगतक्ता, आणि पुढचा भाग त्याच्यावरच उभा आहे.

रंगाला आकडा

1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने या पट्ट्याला आकडे दिले. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती. आंबवण कितपत आंबट झालंय हे रोज अचूक सांगता यावं ही धंद्याची गरज, आणि त्यातून पीएच आला. मराठीत त्याला सामू म्हणतात. कॉलेजात सगळे पीएचच म्हणतील, पण सामू शब्द मला आवडतो, छोटा आणि आपला.

7 म्हणजे मध्य, ना आम्ल ना आम्लारी. खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाचा रस साधारण 2 ते 2.5, व्हिनेगर 2.5 ते 3, दही 4 ते 4.5, दूध 6.6 च्या आसपास, खाण्याच्या सोड्याचं पाणी 8.3, साबण 9 ते 10, चुन्याची निवळी 12.4. तुमच्या ग्लासांवर हे आकडे चिकटवा.

एकच ठिकाण चुकतं: सामूची एक पायरी म्हणजे दहापट. 7 वरून 5 वर आलात म्हणजे दोनने नव्हे, शंभरपटीने हायड्रोजन आयन (आम्लपणा देणारे हायड्रोजनचे भारित कण) वाढले. आणि आकडा उतरला की आम्लपणा चढतो. परीक्षेत "सामू वाढला म्हणून द्रावण जास्त आम्ल झालं" असं लिहिणारा दरवर्षी एक तरी निघतोच.

अजून एक गंमत. बाटली उघडून ठेवलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा सामू 7 नसतो, 5.6 च्या जवळ येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं. कणकुंबीत मलप्रभेच्या उगमावर कोसळणारा स्वच्छातला स्वच्छ पाऊसही थोडा आम्लच.

व्हॉट्सॲपवर "लिंबू पिऊन शरीर अल्कलाइन करा" असं येत असतं. तुमच्या तक्त्यात लिंबू कुठे आहे ते बघा. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 च्या बेचक्यात ठेवायचं काम फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, सकाळचं लिंबूपाणी नाही.

गुऱ्हाळातला चुना, आणि हात वर करणारी मुलं

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले तो भाग.

संकेश्वर-चिकोडीकडच्या उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळ लागलं की आम्ही सुट्टीत मामाकडे जायचो. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, जळव्या चुलवाणात चिपाडं सारतो आणि गुळव्या रसाकडे बघत उभा. रस तापत आला की तो चुना कालवून तांब्याने ओततो. भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते, ती झाऱ्याने काढतो. मी विचारलं होतं, चुना कशाला? तो म्हणाला, "रस आंबट हाय तवर गूळ बसत न्हाई बघ. ढेप रडती."

त्याच्या बोलण्यात अख्खी केमिस्ट्री आहे. ताज्या रसाचा सामू साधारण 5.2-5.4. आंबट आणि गरम अशा दोन्हींत साखरेचे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, त्यांचे खडे धरत नाहीत, उलट ती हवेतलं पाणी ओढतात. ढेप पाझरते, म्हणजे 'रडते'. चुन्याने सामू साडेसहाच्या आसपास आणला की हे जवळजवळ थांबतं. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो आणि चव बिघडते.

आता एक हिशेब करू. काहिलीत 1000 लिटर नुसतं पाणी आहे आणि त्याचा सामू 5.3 आहे असं समजा. त्यातले हायड्रोजन आयन मारायला चुना किती लागेल? सामू 5.3 म्हणजे लिटरला सुमारे 0.000005 मोल आयन (मोल म्हणजे कण मोजायचं केमिस्ट्रीतलं माप). 1000 लिटरला 0.005 मोल. चुन्याचा एक रेणू दोन आयन मारतो, म्हणून 0.0025 मोल चुना. एक मोल चुना 74 ग्रॅम, तेव्हा उत्तर आलं 0.185 ग्रॅम. पाव ग्रॅमसुद्धा नाही! आणि गुळव्या तर तांब्याने ओततो. तो वेडा की आपला हिशेब वेडा?

दोघंही शहाणे. वर्गात शंभर मुलं आहेत असं समजा, आणि प्रत्येकाच्या हातात एक हायड्रोजन आयन. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वर्गात मी "हात वर" म्हटलं की शंभरच्या शंभर हात वर जातात. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाच्या वर्गात एखाददुसराच हात वर येतो, बाकीची मान खाली घालून बसतात. पहिलं प्रबळ आम्ल, दुसरं दुर्बल. दोन्ही 0.1 मोलर (लिटरला 0.1 मोल) घेतली तर हायड्रोक्लोरिकचा सामू 1 आणि ॲसिटिकचा 2.9 येतो, कारण तिथे शंभरात साधारण सव्वाच हात वर असतो.

सामू फक्त वर आलेले हात मोजतो. चुना मात्र वर्गातल्या सगळ्या मुलांकडून आयन काढून घेतो. एक हात खाली गेला की मागचा कुणीतरी हात वर करतो, तोही गेला की आणखी एक. उसाच्या रसातली आम्लं दुर्बल, हात थोडे पण मुलं भरपूर. म्हणून चुना तांब्याने लागतो.

प्रबळ-दुर्बल आणि तीव्र-विरळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, शंभरातले किती हात वर करतात. दुसरा, वर्गात मुलं किती. प्रबळ आम्ल विरळ असू शकतं आणि दुर्बल आम्ल तीव्र असू शकतं. इंग्रजीत 'स्ट्राँग' शब्द ऐकला की आपल्याला कडक चहा आठवतो, आणि मुलं तिथेच फसतात. चहा कडक होतो पावडर जास्त घातल्यावर, ते तीव्रपण झालं.

निवळीने लिंबू मोजा

आता हे सिद्ध करून बघा. रात्री एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये चमचाभर ओला चुना घालून हलवा, झाकण घट्ट लावा. सकाळी तळाला गाळ आणि वर स्वच्छ पाणी, हीच चुन्याची निवळी. गाळ न हलवता वरची काढून घ्या. झाकण उघडं टाकलंत तर वर साय धरते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळीतल्या चुन्याचं पुन्हा चुनखडीत रूपांतर होतं. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती याच क्रियेने घट्ट होतात. थोडी निवळी वेगळ्या ग्लासात घेऊन नळीने फुंकून बघा, दुधाळ होईल.

एका सिरिंजने गाळलेला लिंबाचा रस नेमका 1 मिलि पांढऱ्या कपात घ्या. थोडं डिस्टिल्ड वॉटर आणि मघाच्या हळदीच्या स्पिरिटचे चार थेंब टाका. दुसऱ्या सिरिंजने निवळी सोडायला लागा, कप हलवत राहा. प्रत्येक सिरिंजची वहीत रेघ मारा. पहिल्यांदा जिथे थेंब पडतो तिथेच लाल चमकून जातो. हळूहळू लाल जायला वेळ लागतो, तेव्हा थेंबाथेंबाने या. सगळा कप नारिंगी-लाल होऊन तसाच राहिला की थांबा. मध्ये द्रावण जरा गढूळ झालं तर बिचकू नका, तो कॅल्शियम सायट्रेटचा साका.

रसाप्रमाणे थोडं इकडे तिकडे होईल, पण साधारण 20 मिलिच्या आसपास निवळी लागते. एका मिलिला वीस मिलि! आता समीकरण. खोलीच्या तापमानाला निवळी साधारण 0.022 मोलर असते. 20 मिलित 0.44 मिलिमोल चुना, म्हणजे 0.88 मिलिमोल हायड्रॉक्साइड (हायड्रोजन आयन मारणारे चुन्यातले आयन). सायट्रिक आम्लाच्या एका रेणूत तीन हायड्रोजन आयन देण्यासारखे असतात, म्हणून सायट्रिक आम्ल 0.88 भागिले 3, सुमारे 0.29 मिलिमोल. एक मिलिमोल 192 मिलिग्रॅम, तेव्हा 56 मिलिग्रॅम. एक मिलि रसात 56 मिलिग्रॅम, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जवळ. लिंबात 5 ते 6 टक्के सायट्रिक आम्ल असतं असं पुस्तकात वाचाल, ते तुम्ही पानपट्टीच्या चुन्याने मोजलंत.

हीच क्रिया म्हणजे उदासिनीकरण: आम्लाचा हायड्रोजन आयन आणि आम्लारीचा हायड्रॉक्साइड मिळून पाणी, आणि उरलेल्यांचं सॉल्ट. चुन्याऐवजी खाण्याचा सोडा टाकलात तर फसफस होते, कारण तिथं कार्बन डायऑक्साइड सुटतो.

फसफसीवरून माझीच एक चूक. लग्नानंतर नव्या घरात बाथरूमच्या शहाबादी फरशीवर डाग होते. दुकानदाराने दिलेलं ॲसिड मी हौसेने ओतलं. केवढी ती फसफस! मला वाटलं, काय मळ निघायलालाय. सासूबाई धावत आल्या तोवर फरशीवर पांढरे खड्डे. शहाबादी म्हणजे चुनखडकच, मी फरशीच विरघळवत होते. मी त्या वेळी एमएस्सी होते, हे त्या अजून पाहुण्यांना सांगतात.

निपाणीची चिमूट

निपाणीकडे तंबाखू आणि चुना तळहातावर मळताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चुना का, हे विचारलं तर "चव येते" म्हणतात. पानात निकोटीन मोकळं नसतं, पानातल्याच आम्लांशी बांधून सॉल्टच्या रूपात असतं. निकोटीन ही दुर्बल आम्लारी. चुन्यासारखी जबरदस्त आम्लारी आली की ती आम्लांना आपल्याकडे ओढते आणि निकोटीन सुटं होतं. सुटं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून झटकन रक्तात जातं, बांधलेलं तितकं जात नाही. म्हणजे चुना चवीला नसतो, नशा लवकर चढवायला असतो, आणि वर हिरड्या भाजतो ते वेगळंच. प्रबळ आम्लारी दुर्बल आम्लारीला तिच्या सॉल्टमधून हुसकावते, हे वाक्य पीयूसीच्या पुस्तकात येईल तेव्हा ही चिमूट आठवा. खाऊ नका.

शेतकऱ्याच्या पोरांसाठी: माती

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला खानापूरकडे तांबडी, जांभ्याची माती. धो धो पावसाने तिच्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धुवून नेलेले, म्हणून ती आम्ल. पूर्वेला अथणी-रायबागकडे काळी माती, पाऊस कमी, सामू 7 च्या वर. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं साचलेल्या जागी ती खारवट, चोपण होते.

घरी बघायचं तर माती वाळवून चाळा, 20 ग्रॅम मातीत 50 मिलि डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास अधूनमधून ढवळा, वरच्या पाण्यात सामूची पट्टी बुडवा. पट्टी लॅबसामानाच्या दुकानात मिळते. जास्वंद इथे वापरू नका, मातीचा रंगच तिला खाऊन टाकतो. खत टाकण्याचा निर्णय मात्र या पट्टीवर घेऊ नका, रयत संपर्क केंद्रात माती परीक्षणाची चौकशी करा. सामू कळला तरी चुना किती टाकायचा हे कळत नाही, कारण वर्गातली मुलं मोजलेलीच नाहीत. मातीच्या कणांना चिकटून बसलेले आयन पट्टीला दिसत नाहीत.

आणि चोपण जमिनीला जिप्सम टाकतात ते आम्ल म्हणून नव्हे. जिप्सम हे जवळजवळ उदासीन सॉल्ट आहे. त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हटवतं, मग निचरा असेल तर पाण्याबरोबर सोडियम निघून जातं. निचरा नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात.

लॅबचा पहिला दिवस

ब्युरेट म्हणजे तुमच्या सिरिंजची मोठी बहीण, हळदीच्या जागी फिनॉल्फ्थॅलीन किंवा मिथिल ऑरेंज. कुठे कुठलं, हे पाठ करण्यापेक्षा नाकं आठवा. फिनॉल्फ्थॅलीन 8.2 च्या पुढे गुलाबी होतं. मिथिल ऑरेंज 3.1 ते 4.4 मध्ये लालवरून पिवळं होतं. ऑक्झॅलिक आम्लासारख्या दुर्बल आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलात तर आम्ल संपतं तो क्षण 7 च्या वर येतो, म्हणून फिनॉल्फ्थॅलीन. तिथं मिथिल ऑरेंज टाकलंत तर अर्धी मुलं वर्गात बसलेली असतानाच ते "सुटलं" म्हणून ओरडेल. उलट दुर्बल आम्लारी आणि हायड्रोक्लोरिक असेल तर मिथिल ऑरेंज.

ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच आधी विसळा, नुसत्या पाण्याने विसळून तशीच भरलीत तर द्रावण विरळ होतं आणि आकडा वाढतो. फ्लास्क मात्र डिस्टिल्ड वॉटरनेच विसळायचा, तिथे पाणी उरलं तरी मुलांची संख्या बदलत नाही. तोटीखालचा हवेचा बुडबुडा आधी काढा. नजर पाण्याच्या खालच्या वाटोळ्या कडेच्या रेषेत.

आणि फ्लास्कमधला फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की रीडिंग ताबडतोब वहीत लिहा. थोड्या वेळाने तो आपोआप जातो. निवळीवर साय धरवणारा हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड इथंही येतो. शेजारच्याचा गुलाबी अजून आहे म्हणून तुम्ही आणखी एक थेंब सोडायचा नाही.